डुकराच्या केसांचा नवा ब्रश टाकू नका, रुळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात दाढीच्या साहित्याविषयी एक लेख आला होता. फेसाचे डबे बाजूला ठेवून तरुण मंडळी पुन्हा साबण, वाटी आणि ब्रश यांच्याकडे वळू लागली आहेत, हे त्यात वाचून मला आनंद झाला. परंतु त्याच लेखात डुकराच्या केसांच्या ब्रशविषयी जे लिहिले होते, ते वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र. लेखकाचे म्हणणे असे की, या ब्रशला उग्र वास येतो, तो गालाला टोचतो आणि त्यात फेस धरत नाही, तेव्हा वाचकांनी त्याच्या वाटेला न जाता सरळ नायलॉनचा ब्रश घ्यावा. यांतील तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या आहेत, आणि लेखकाने ब्रश तीनच दिवस वापरला होता, असे त्यांनीच नमूद केले आहे. कोल्हापुरी चप्पल पहिल्या दिवशी चावते म्हणून कोणी ती टाकून देत नाही. बिडाच्या नव्या तव्याला पहिले धिरडे चिकटले म्हणून कोणी तो भंगारात घालत नाही. चप्पल रुळावी लागते, तवा मुरावा लागतो, आणि डुकराच्या केसांचा ब्रशही तसाच रुळवून घ्यावा लागतो. लेखात नेमके हेच राहून गेले.

पत्राला एक घरगुती निमित्तही घडले. नोकरीसाठी पुण्यात असलेल्या माझ्या भाच्याने हौसेने इटलीत बनलेला असा एक ब्रश मागवला होता. तो लेख वाचून त्याने मला फोन केला आणि ब्रश परत करता येत नाही, तेव्हा टाकूनच देतो, असे म्हणाला. मी त्याला एक महिना थांबायला सांगितले. माझ्यापाशी असा ब्रश गेली अकरा वर्षे रोजच्या वापरात आहे आणि त्याआधी एक ब्रश मी स्वतःच्या अज्ञानाने वाया घालवला आहे, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

प्रथम हा केस म्हणजे काय, ते पाहू. दुकानदार पुष्कळदा ‘रानडुकराचा ब्रश’ असे म्हणून देतात, परंतु बाजारातील बहुतेक केस पाळीव डुकरांचे असतात आणि त्यांचा फार मोठा भाग चीनमधून येतो. पाठीच्या कण्यावरचे केस सर्वांत लांब आणि राठ असल्यामुळे त्यांना मागणी अधिक असते. या केसाचे दोन गुण ध्यानात घेतले की, पुढचे सगळे आपोआप उलगडते. पहिला असा की, तो स्वतः पाणी पितो. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा महाग ब्रश असतो, त्यात पाणी मुख्यतः केसांच्या मधल्या फटींत साठते. डुकराचा केस मात्र पाणी आत ओढून घेतो आणि भिजल्यावरच नरम पडतो. कोरडा ब्रश तळहाताला खराट्यासारखा लागतो आणि तोच दहा मिनिटे भिजला की दुसराच कोणी वाटतो, याचे कारण हे. दुसरा गुण असा की, या केसाचे टोक पुढे जाऊन फाटते. एका टोकाची दोन, कधी तीन बारीक टोके होतात. आपल्या डोक्याच्या केसांना फाटे फुटले की आपण हळहळतो. ब्रशच्या बाबतीत मात्र ते फाटे हीच कमाई असते, कारण गालावर जे मऊ लागते, ते हे फाटलेले टोकच होय. खालचा केस जाड तो जाडच राहतो, त्यामुळे ब्रशचा ताठपणा जात नाही. मऊ टोक आणि कणखर अंग हा संयोग नायलॉनच्या किंवा बॅजरच्या ब्रशमध्ये मला तरी मिळालेला नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आत्ताचा ब्रश घरी आणला, त्या दिवशी खिडकीपाशी उन्हात धरून भिंगातून मी त्याची टोके पाहिली होती. बहुतेक केस सुईसारखे निमुळते आणि एकटोकी होते. एखाद-दुसराच फाटलेला दिसत होता. दहाव्या दाढीनंतर पाहिले, तेव्हा कडेच्या केसांना फाटे फुटू लागले होते, मध्यभाग तसाच होता. पंचविसाव्या दाढीच्या सुमारास कोरडा झुबका वरून पाहिला, तर त्यावर पिकल्या कणसाच्या तुऱ्यासारखी एक धूसर झाक आली होती. पहिल्या दिवशी एकेक केस मोजता येईल असे जे टोकांचे रान दिसत होते, ते आता एकजीव झाले होते. त्या दिवशी भिंगाखाली एकटोकी केस शोधावा लागला. ज्यांच्या घरी भिंग आहे, त्यांनी हे एकदा अवश्य करून पाहावे.

आता माझ्या पहिल्या ब्रशची हकिगत. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी साताऱ्यातील एका दुकानातून मी तो घेतला. दुकानदाराने काही सांगितले नाही आणि खोक्यातही काही चिठ्ठी नव्हती. वास जावा म्हणून मी तो थेट उकळत्या पाण्यात बुडवून ठेवला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गालाला टोचतो म्हणून कात्री घेऊन त्याची टोके सारखी केली. या दोन्ही गोष्टी म्हणजे ब्रशचा घातच होता. उकळत्या पाण्याने केस कुडकुडीत होतात आणि झुबका मुठीत ज्या चिकट द्रव्यात रोवलेला असतो, त्याची पकड सुटते; माझ्या ब्रशचे केस त्यानंतर रोज चिमटीभर हातात येऊ लागले. कात्रीने तर आणखी वाईट झाले, कारण निमुळते टोक गेले आणि मागे राहिले ते बोथट, जाड बुंधे. ज्या टोकाला फाटायचे होते, तेच मी कापून टाकले होते. तो ब्रश पुढे खिडकीच्या जाळ्या झाडायला वापरला. दोष ना ब्रशचा होता ना डुकराचा. सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

म्हणून रुळवायची रीत जरा सविस्तर लिहितो. ब्रश आणल्यावर तो कोमट पाण्यात साध्या शाम्पूने किंवा दाढीच्याच साबणाने दोनदा हलक्या हाताने धुवावा, झटकावा आणि दिवसभर वाऱ्यावर वाळू द्यावा. पाणी किती कोमट, असे कोणी विचारील, तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्यात आजी कोपर बुडवून पाहते, तेवढे. दुसऱ्या दिवसापासून दाढीच्या आधी तो भिजत ठेवायचा. पेल्यात पाणी केसांच्या पाऊण उंचीपर्यंतच घ्यावे, मूठ आणि केसांचे बूड बुडू देऊ नये, आणि मूठ लाकडाची असेल तर विशेष जपावे. नव्या ब्रशला दहा मिनिटे लागतात, जुन्याला तोंड धुऊन होईपर्यंतचा वेळ पुरतो. मग पाणी निथळू द्यावे, एक-दोन हलके झटके द्यावेत आणि साबणाच्या वडीवर किमान अर्धा मिनिट गोल फिरवावा.

येथे नवशिक्याचा हिरमोड होतो. वाटीत फेस छान दिसतो, गालावर एक फेरा होतो, आणि दुसऱ्या फेऱ्याला ब्रश कोरडाच. फेस गेला कुठे? तो ब्रशने गिळला. केस अजून पाणी पीतच असतात आणि ते फेसातलेही पाणी ओढून घेतात, त्यामुळे फेस आतल्या आत बसतो. यावर उपाय एवढाच की पहिले काही दिवस साबण दुप्पट घ्यावा आणि वाटीत बोटाने थेंब-थेंब पाणी सोडत फेस घोटत राहावे. साबण वाया जातो, असे मानू नये; तो ब्रशच्या शिक्षणावरचा खर्च आहे. ज्यांना महिनाभर वाट पाहावयाची नसेल, त्यांनी दाढी नसतानाही संध्याकाळी तळहातावर पाच मिनिटे फेस काढावा, ब्रश धुवावा आणि वाळू द्यावा. भिजणे, घासणे आणि पूर्ण वाळणे हे तिन्ही मिळून टोक फाटते. यांतले वाळणे पुष्कळजण विसरतात. नीट वाळू न देता दिवसातून चार वेळा भिजवून ठेवल्याने काम लवकर होत नाही, उलट बुडाशी कुजका वास धरतो.

गालावर ब्रश फिरवतानाही तो दाबून चोळू नये. टोकांनी काम करावे. झुबका मुठीपर्यंत चिरडला की मधले केस मुळापाशी मोडतात आणि ब्रशच्या पोटात खळगा पडतो. पहिल्या आठवड्यात रोज दोन-चार केस गळतील, त्याने घाबरून जाऊ नये. रोवताना जे सैल राहिलेले असतात, ते असे निघून जातात. महिन्यानंतरही गळती थांबली नाही, तर मात्र तो ब्रश मुळातच नीट बांधलेला नाही, असे समजावे.

आपल्याकडे रुळवणे म्हटले की हात प्रथम तेलाच्या बाटलीकडे जातो. चपलेला एरंडेल, तव्याला गोडेतेल. ब्रशला मात्र तेलाचा थेंबही लागता कामा नये. खोबरेल लावल्याने केस मऊ होतील, असा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला होता. पण स्निग्धपणा फेसाचा वैरी आहे, आणि एकदा तेल बुडापर्यंत गेले की ते काढता काढता नाकी नऊ येतात. केसांना लावायचे कंडिशनरही नको.

दुसरी आपल्याकडची अडचण पाण्याची आहे. दख्खनच्या पठारावर कितीतरी गावांत बोअरचे जड पाणी वापरले जाते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा तयार करतात. त्याने फेस कमी येतोच, शिवाय तोच चोथा केसांवर पांढुरका थर होऊन बसतो आणि टोके मोकळी होऊ देत नाही. माझा असा अनुभव आहे की, बोअरच्या पाण्यावर महिना काढूनही ब्रश राठच राहिला आणि पिण्याच्या नळाच्या पाण्याचा एक पेला घेऊ लागल्यावर आठवड्याभरात त्याने रूप पालटले. थर बसलाच असेल तर कपभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घालून त्यात केस दहा मिनिटे बुडवावेत आणि खूप धुवावेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, ब्रश न्हाणीघरात ठेवू नये. तो बाहेर वाऱ्यावर ठेवावा. उभा ठेवावा की उलटा टांगावा, यावर लोक वाद घालतात. धुऊन, पिळून, पंचाने पुसलेला ब्रश कसाही ठेवला तरी चालतो. वारा लागणे महत्त्वाचे. आषाढ-श्रावणात दोन ब्रश आळीपाळीने वापरणे उत्तम.

वासाबद्दल लेखकाने जे सुचवले आहे, त्याचा मात्र गंभीरपणे विचार करायला हवा. नव्या ब्रशचा वास म्हणजे रोगजंतू, असा त्यांचा सूर आहे. वास हा जनावराच्या केसाचा असतो, कोकराच्या ओल्या लोकरीला येतो तसा, आणि आठ-दहा धुण्यांत तो जातो. या भीतीला इतिहासात आधार नाही असे नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशमधून जनावरांच्या फाशी रोगाची, म्हणजे अँथ्रॅक्सची, लागण झाल्याची प्रकरणे उघडकीस आली होती आणि त्यात सैनिकही होते. परंतु दोष प्रामुख्याने निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचा होता. बॅजरचे केस म्हणून ते खपवले जात. ब्रिटनने १९२० साली जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली, ती यामुळेच. या प्रकरणातून व्यवसाय शिकला आणि केसांवर निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया होऊ लागली. डुकराचे केस तर ब्रशमध्ये रोवण्याआधी, सरळ करण्यासाठी, जुड्या बांधून उकळलेच जातात. ग्राहकाने यातून एवढाच बोध घ्यावा की, ज्याच्यावर बनवणाऱ्याचे नाव नाही, असा सुटा ब्रश घेऊ नये, आणि एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये. हा दुसरा नियम सलूनलाही लागू आहे. पाते दर गिऱ्हाइकाला नवे घालतात, पण ब्रश मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत तोच फिरतो. मी सलूनमध्ये जातो तेव्हा माझा ब्रश बरोबर नेतो, आणि आमचे कारागीर त्याबद्दल कधी नाराज झालेले नाहीत.

ही माहिती आपल्या लोकांतून गेली कशी, असा प्रश्न मला पडत असे. माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर धोकटी घेऊन जे नाभिक काका येत, त्यांच्याकडचा ब्रश वर्षानुवर्षे वापरून झिजलेला, पण सायीसारखा मऊ होता. नवा ब्रश आणला की ते आधी महिनाभर स्वतःच्या दाढीला वापरत आणि मगच गिऱ्हाइकासाठी दुसरा तसाच तयार करायला घेत, हे वडील सांगत. नायलॉन आले आणि या ज्ञानाची गरज उरली नाही. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा दातांचा ब्रश बाजारात आला. त्याआधी दातांच्या ब्रशलाही डुकराचेच केस असत. पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे चीनमधून येणारा पुरवठा तुटला. हा माल तेव्हा इतका मोलाचा होता की हिमालय ओलांडून चीनमधून आपल्या आसामात परतणाऱ्या लष्करी विमानांत टंगस्टन आणि कथिल यांच्या जोडीने डुकराच्या केसांच्या गाठीही येत. टंचाईने कृत्रिम केसाला वाट मोकळी करून दिली. कृत्रिम केस पहिल्या दिवशी जसा असतो तसाच शेवटपर्यंत राहतो, त्याला रुळवायचे नसते. तेव्हा दोन पिढ्यांना रुळवणे ठाऊकच नसले तर त्यांचा काय दोष? इटली आणि पोर्तुगाल येथे ही परंपरा टिकली. इटलीतील बोलोन्याच्या ओमेगा कंपनीचे आणि पोर्तुगालच्या सेमोग कंपनीचे ब्रश तिकडच्या सलूनमध्ये आजही नित्य वापरात आहेत. आपल्या देशातही कानपूर हे डुकराच्या केसांच्या व्यापाराचे आणि बिजनौर जिल्ह्यातील शेरकोट हे ब्रशनिर्मितीचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणजे हा माल काही आपल्याला परका नाही.

डुकराचे केस घरात नकोत, असे मानणारी कुटुंबे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. कोणाचे कारण धर्माचे असते, कोणाचे शाकाहाराचे. त्यांच्यासाठी कृत्रिम केसांचा ब्रश हाच योग्य आणि त्यांना तो विचारून नव्हे तर वाचून घेता आला पाहिजे. यासाठी माझी बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना विनंती आहे की, ब्रशच्या खोक्यावर केस कोणत्या प्राण्याचे आहेत, हे मराठीत ठळक छापावे. ‘नैसर्गिक केस’ एवढे लिहून भागत नाही. आणि आत हाताच्या तळव्याएवढी एक चिठ्ठी घालावी: कोमट पाणी, उकळते नाही, कात्री नाही, तेल नाही, वीस-पंचवीस दाढ्या धीर धरा. छपाईचा खर्च काही पैशांचा आहे. माझ्या पहिल्या ब्रशबरोबर एवढी चिठ्ठी असती, तर तो आजही माझ्या कोनाड्यात असता.

भाच्याच्या ब्रशची काल बावीस दिवसांची वापरणी पूर्ण झाली. नवव्या दिवशी त्याने कळवले की वास गेला. चौदाव्या दिवशी एका भिजवणीत दोन फेऱ्यांपुरता फेस टिकला. काल रात्री त्याने ब्रशच्या टोकांचे जवळून काढलेले छायाचित्र पाठवले, आणि त्यात फाटे स्पष्ट दिसत होते; मध्यभागी थोडे काम अजून बाकी आहे.

आपल्या लेखकांनी त्यांचा ब्रश अद्याप टाकला नसेल, तर त्यांनी आणखी वीस दाढ्या त्याने कराव्यात आणि मग पुन्हा लिहावे, अशी आपल्यामार्फत त्यांना विनंती करतो. मोजणी चौथ्या दिवसापासून धरावी. पहिले तीन दिवस त्यांचे झालेलेच आहेत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
सातारा